मावळचे ऊन आणि घरची वीज

ज्या गावावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आषाढ-श्रावणात ज्याला दिवसच्या दिवस सूर्यबिंबाचे दर्शन घडत नाही आणि ज्याची कीर्तीच मुळी धुके, धबधबे व ओलावा यांच्यावर उभी आहे, त्या लोणावळ्यात उन्हापासून वीज काढण्याची भाषा कोणी करावी, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटण्याजोगे आहे. तथापि विजेचा कारखाना ही वस्तू या मुलखाला अपूर्वाईची नाही. १९११ च्या फेब्रुवारीत मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत् योजनेची कोनशिला बसविली. लोणावळा, वळवण आणि शिरोता येथील तलावांत पर्जन्यजल कोंडावे, ते पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून नळांवाटे घाटाखाली खोपोलीस सोडावे, त्या प्रपाताच्या बळावर जनित्रे फिरवावी आणि निघालेली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांस पुरवावी, असा तो संकल्प होता व १९१५ साली तो सिद्धीस गेला. पुढे अंदर मावळातील ठोकळवाडीच्या जलाशयावर भिवपुरीचे केंद्र १९२२ साली चालू झाले, आणि शेजारच्या मुळशीचे पाणी १९२७ साली भिऱ्याच्या केंद्रास मिळू लागले. या तिसऱ्या धरणासाठी जमिनी गमावणाऱ्या मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीस आरंभलेला सत्याग्रह आणि त्यातून पांडुरंग महादेव बापट यांना मिळालेली सेनापती ही पदवी, हा इतिहास महाराष्ट्रास परिचित आहे.

पाणी या डोंगराचे, उतार या डोंगराचा, आणि उजेड मात्र मुंबईचा, असा हा व्यवहार होता. ज्या तलावांच्या काठाने विजेचे मनोरे चालत गेले, त्या तलावांच्या काठच्या वाड्या-वस्त्यांवर त्यानंतरही कैक वर्षे राकेलच्या चिमण्याच जळत होत्या. घराच्या छपरावर मांडलेले सौर पॅनेल हे या तालुक्यातील पहिलेच असे वीजनिर्मितीचे साधन आहे की ज्याची मालकी, ज्याचे उत्पन्न आणि ज्याची देखभाल ही तिन्ही एकाच खातेदाराच्या पदरी पडतात. त्यामुळे हे पॅनेल स्वतःच्या हातानेच घडवावे आणि बिलातून सुटका करून घ्यावी, अशी ऊर्मी एखाद्या हरहुन्नरी तरुणाच्या मनात उठली तर तिची थट्टा करण्याचे कारण नाही. ती कितपत किफायतशीर आहे एवढेच पाहावयाचे. आणि माझे मत आरंभीच सांगून टाकतो, की पॅनेल घरी घडविणे हे उत्तम शिक्षण आहे, परंतु बिल उतरविण्याचा तो मार्ग नव्हे, आणि मावळच्या हवेत तर मुळीच नव्हे.

प्रथम बिलाकडे वळू. हा कागद बहुतेक घरांत शेवटच्या रकमेपुरताच वाचला जातो; परंतु स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशी जी बाबवार मांडणी त्यात असते, ती महसुली दप्तरातील नोंदींप्रमाणे सावकाश लावून पाहिली म्हणजे बरेच रहस्य उलगडते. महावितरणच्या घरगुती दराला टप्पे आहेत: पहिल्या १०० युनिटांचा एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा, आणि त्यापुढे चौथा. पहिल्या टप्प्यातील युनिटाच्या मानाने दुसऱ्या टप्प्यातील युनिट जवळजवळ दुप्पट महाग पडते. यावरून निष्पन्न होते ते असे, की महिन्यास २५० युनिटे जाळणाऱ्या कुटुंबाने त्यांतील वरची दीडशे वाचविली तर त्याची खरी बचत झाली. उरलेल्या शंभरांसाठी जिवाचा आटापिटा करण्यात तितकेसे स्वारस्य नाही. बिल शून्यावर आणण्याची जी एक हौस अलीकडे पसरली आहे, ती हिशेबाहून प्रतिष्ठेची अधिक आहे, आणि स्थिर आकार तर शून्य वापरावरही द्यावाच लागतो.

ही वरची युनिटे जातात कोठे, याचा शोध घेतला तर घाटमाथ्यावरील थंड घरांत बोट बहुधा न्हाणीघराकडे वळते. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवावयास साडेतीन युनिटे वीज लागते. हा पदार्थविज्ञानाचा हिशेब असून त्यात कोणत्याही कंपनीच्या गीझरला सूट नाही. रोज एवढे पाणी तापविणाऱ्या घरात महिन्याकाठी शंभर युनिटे, म्हणजे दराचा एक संपूर्ण टप्पा, स्नानातच विरघळतो. आता सूर्यप्रकाशाची वीज करून त्या विजेने पाणी तापविणे हा द्राविडी प्राणायाम आहे, कारण प्रकाशाचे विजेत रूपांतर करताना आजच्या चांगल्या पॅनेलच्याही हाती एक पंचमांश किंवा त्याहून थोडा अधिक भागच लागतो. याउलट उन्हाने थेट पाणी तापविणारे जे यंत्र लोक नुसते ‘सोलर’ या नावाने ओळखतात, ते त्याच उन्हातील बराच मोठा हिस्सा पदरात पाडून घेते. म्हणून ज्यास विजेवरील खर्च खरोखरच कमी करावयाचा आहे त्याने गच्चीवरील पहिली जागा या यंत्रास द्यावी, आणि वीज निर्माण करणाऱ्या पॅनेलांचा विचार त्यानंतर करावा.

उष्णतेचा हा सरळ मार्ग आपल्याकडे किती जुना आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईच्या हायकोर्टात दुय्यम निबंधकाच्या हुद्द्यावर असलेल्या विल्यम ॲडम्स नामक इंग्रज गृहस्थाने १८७६ च्या सुमारास, कचेरीच्या कामातून सवड काढून, सपाट आरशांचे तुकडे एका मोठ्या चौकटीवर बसविले, त्यांचे परावर्तित ऊन बाष्पकावर एकवटले, आणि त्या वाफेवर सुमारे अडीच अश्वशक्तीचे एंजिन कुलाब्यातील आपल्या आवारात चालवून दाखविले. उष्ण कटिबंधातील देशांत सरपणाऐवजी सूर्याचा ताप वापरावा, असे प्रतिपादन करणारा त्याचा ग्रंथ १८७८ साली प्रसिद्ध झाला. कोर्टाच्या दप्तरदाराने हे उद्योग करावेत याचे त्या काळी लोकांस नवल वाटले असेल. परंतु घरच्या अंगणात, हाताशी असलेल्या साहित्यातून सूर्याला कामास जुंपण्याच्या छंदाचा मूळ पुरुष आपल्या प्रांतात शोधावयाचा झाल्यास तो मान या गृहस्थाकडे जातो.

विजेची कथा निराळी आहे. प्रकाश पडताच काही पदार्थांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, ही गोष्ट फ्रान्समधील एडमंड बेकरेल याने १८३९ सालीच पाहिली होती. परंतु उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या त्रयीने १९५४ साली सिद्ध केला, आणि त्याची कार्यक्षमता शंभरास सहा एवढीच होती. हा घट, ज्याला आता सर्रास सेल म्हणतात, तो म्हणजे शुद्ध सिलिकॉनची मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाइतकी पातळ चकती. तिच्या एका अंगास फॉस्फरसचा आणि दुसऱ्या अंगास बोरॉनचा अत्यल्प अंश मिसळलेला असल्यामुळे दोहोंच्या सीमेवर एक विद्युत्क्षेत्र कायमचे ठाण मांडून बसते. प्रकाशाच्या आघाताने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन त्या क्षेत्राच्या धाकाने एकाच दिशेस लोटले जातात, आणि बाहेरून तार जोडली की त्यांना फिरण्यास वाट मिळते. काही झिजत नाही, काही जळत नाही, काही हलत नाही. मात्र एका सेलपासून मिळणारा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट असतो, सेल केवढाही मोठा घेतला तरी तो वाढत नाही; आकाराने वाढतो तो प्रवाह. म्हणूनच १२ व्होल्टची बॅटरी भरावयाची झाल्यास ३६ सेल एकापुढे एक जोडून १८ व्होल्टपर्यंत मजल न्यावी लागते.

घरी पॅनेल घडवू पाहणाऱ्याचे खरे काम येथून सुरू होते, आणि त्याची रीत जाणून घेण्यासारखी आहे. कोपरा उडालेले, छटा न जुळलेले किंवा चाचणीत मागे पडल्याने कारखान्याने बाजूस काढलेले सेल सुटे मिळतात; ते इतके ठिसूळ असतात की बोटाच्या किंचित दाबानेही तडकावेत. निळसर-काळ्या दर्शनी अंगावर चांदीच्या बारीक रेघा असतात. ते अंग ऋण, पाठ धन. कल्हई केलेल्या तांब्याची चपटी तार, जिला या धंद्यात टॅबिंग वायर म्हणतात, ती सेलच्या दुपटीइतकी लांब कापावयाची, रेघेवर फ्लक्सचा हात फिरवावयाचा, आणि तापलेली सोल्डरिंग इस्त्री क्षणमात्र टेकवून डाख बसवावयाचा; इस्त्री अंमळ रेंगाळली की सेल फुटला म्हणून समजावे. एका सेलच्या दर्शनी अंगावरून निघालेली तार पुढच्याच्या पाठीशी जोडावयाची, असे करीत नऊ सेलांची एक ओळ पुरी झाली की ती उन्हात धरून मल्टिमीटरने तपासावी. काटा पाच व्होल्टांच्या पुढे सरकला तर ओळ बिनचूक आहे, सरकला नाही तर कोठेतरी सांधा कच्चा राहिला आहे. अशा चार ओळी नागमोडी जोडल्या म्हणजे छत्तीसांचा संच तयार होतो, आणि सेल सुमारे सहा इंची असतील तर भर उन्हात तो दीडशे वॅटांच्या आसपास शक्ती देतो. येथवरचे काम चिकाटीचे असले तरी साध्य आहे, आणि ज्याने ते एकदा केले त्याला वीज म्हणजे काय हे पुन्हा शिकवावे लागत नाही.

अडते ते पुढे. या नाजूक संचावर छप्पर हवे, आणि ते छप्पर पारदर्शक, भक्कम व हवाबंद हवे. कारखान्यात यासाठी साडेतीन मिलिमीटरांहून किंचित कमी जाडीची, तापवून कडक केलेली आणि लोहांश अत्यल्प असलेली काच वापरतात. खिडकीच्या काचेची कड न्याहाळली तर ती हिरवट दिसते. तो हिरवेपणा लोहाचा, आणि तेवढा प्रकाश ती काच गिळून बसते. (काचेचा विषय निघाला म्हणून आठवण होते, की याच मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडे येथे, अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा जमवून उभारलेल्या आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडातून १९०८ साली काचेचा कारखाना निघाला होता, आणि ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे देशी तरुणांस काच ओतण्याची विद्या शिकविली. स्वदेशीच्या त्या पिढीस सुट्या कारागिराच्या हौसेची आणि शिस्तबद्ध कारखान्याची मर्यादा दोन्ही चांगल्या कळत होत्या.) काचेखाली ईव्हीए नामक पदार्थाचा पापुद्रा, त्याखाली सेल, पुन्हा पापुद्रा, आणि सर्वांत खाली जलरोधक पाठ, अशी चळत निर्वात यंत्रात घालून १४० ते १५० अंशांपर्यंत तापवितात; त्यामुळे पापुद्रा वितळून सेलच्या कणाकणाशी एकजीव होतो आणि मधे हवेला किंवा बाष्पाला थारा उरत नाही. पॅनेल पंचवीस वर्षे टिकेल अशी जी हमी कारखानदार देतो, तिचे मर्म सेलमध्ये नसून या एका क्रियेत आहे, आणि हे यंत्र घरी नसते.

मग घरगुती कारागीर पर्याय काढतो. कोणी प्लायवुडच्या फळीवर सेल चिकटवून वरून ॲक्रिलिकचे झाकण ठोकतो, कोणी सिलिकोनचा लेप ओततो, कोणी कडा डांबराने बुजवितो. देशावरच्या कोरड्या हवेत असे पॅनेल वर्ष-दोन वर्षे तग धरीलही. लोणावळ्यात मात्र पहिल्याच मृगानंतर झाकणाच्या आतल्या अंगास दव जमू लागते, प्लायवुड फुगते, फुगलेल्या फळीबरोबर सेल ताणले जाऊन तडकतात, डाखावर हिरवा गंज चढतो, आणि भाद्रपदात ऊन पुन्हा पडू लागते तेव्हा मल्टिमीटर काही निराळेच बोलतो. उन्हाळ्याचा जाच वेगळाच. पॅनेलवर लिहिलेली शक्ती सेलचे तापमान २५ अंश धरून मोजलेली असते. वैशाखात छपरावरील सेल साठ-पासष्ट अंशांवर जातो, आणि दर अंशामागे साधारणतः हजारास चार या प्रमाणात शक्ती घटत गेल्यामुळे पंधरा-सोळा टक्के तेथेच वजा होतात. बंद पेटीत सेल कोंडले असतील तर नुकसान त्याहून अधिक.

सर्वांत मोठा धोका मात्र छायेचा आहे. एकापुढे एक जोडलेले सेल म्हणजे स्लॅबच्या कामावर घमेली हातोहात चढविणारी माणसांची रांग. मधला एक गडी थांबला की मागच्यापुढच्या सर्वांचे हात रिकामे राहतात. एका सेलवर वाळलेले पान पडले किंवा त्यास तडा गेला, तर संपूर्ण ओळीचा प्रवाह खुंटतोच, पण शेजाऱ्यांनी निर्माण केलेली शक्ती त्या आजारी सेलमध्ये उष्णतेच्या रूपाने मुरू लागते आणि तो भाजून निघतो. कारखान्याच्या पॅनेलमध्ये अशा वेळी प्रवाहास आडवाट मिळावी म्हणून डायोड बसविलेले असतात. घरच्या कारागिरास त्यांचा बहुधा विसर पडतो, आणि त्याखाली प्लायवुड असेल तर त्याचे परिणाम काय होतील हे सांगावयास नको. एकदिश प्रवाहाची ठिणगी घरातील विजेच्या ठिणगीसारखी आपोआप विझतही नाही. याहून गंभीर प्रमाद म्हणजे घरी जुळविलेला संच इन्व्हर्टरमार्फत घरच्या वायरिंगला परस्पर जोडणे. बाहेरची वीज गेली असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनला खालच्या घरातून उलट आलेला प्रवाह यमसदनी धाडू शकतो. बारा व्होल्टचे घरगुती संच बारा व्होल्टवरच, स्वतंत्र तारांवर, स्वतंत्र दिव्यांसाठी चालवावेत. या नियमाला अपवाद नाही.

आणि एवढे सारे निभावले तरी जमाखर्च काय सांगतो? दीडशे वॅटांचे पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज देते, म्हणजे महिन्याकाठी पंधरा ते अठरा युनिटे, आणि ती साठवावयाची झाल्यास बॅटरी आली, जी काही वर्षांत बदलावी लागते. सुटे सेल, काच, चौकट, तारा आणि वाया गेलेले सेल यांची बेरीज केली, तर तेवढ्याच शक्तीचे तयार पॅनेल बहुधा त्याहून महाग पडत नाही. एक काळ असा होता की पॅनेल हाच सर्वांत महाग जिन्नस होता आणि तो घरी घडविण्यात काही अर्थ होता. जगभर कारखाने निघून किमती कोसळल्यानंतर तो अर्थ उरला नाही.

मग हाताच्या कारागिरीला येथे स्थानच नाही काय? आहे, आणि त्याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला, तो हाताने काम करता करता विज्ञान शिकावे या एका सूत्रावर. तेथे शाळेत मागे पडलेली मुले जोडकाम, वीज, शेती आणि गृहोपयोगी कौशल्ये शिकून बाहेर पडतात. मुंबईच्या आय.आय.टी.ने २०१४ साली हाती घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या सौरदिव्यांच्या योजनेत दिवे जुळविण्याचे व दुरुस्त करण्याचे काम गावकऱ्यांनाच शिकविले गेले, आणि त्याच प्रयत्नातून राजस्थानातील डुंगरपूर येथे आदिवासी स्त्रियांनी पॅनेल घडविण्याचा कारखाना चालविला. लक्षात घ्यावयाचे ते हे, की त्यांनीही पॅनेल स्वयंपाकघरात घडविले नाही. निर्वात यंत्र आणून रीतसर कारखाना थाटला. आणि जुन्नर तालुक्यातील दरेवाडी या डोंगरातील वस्तीवर २०१२ साली ‘ग्राम ऊर्जा’ या पुण्याच्या संस्थेने सुमारे चाळीस घरांसाठी जे सौरकेंद्र उभारले, तेथे घरोघर मीटर बसवून, वापराप्रमाणे पैसे गोळा करण्याचे काम गावच्या समितीकडे सोपविण्यात आले. माझ्या मते दरेवाडीचा खरा शोध पॅनेलांत नसून त्या वर्गणीत आहे, कारण बॅटरी बदलण्याचा दिवस उगवतो तेव्हा देणग्यांवर उभ्या राहिलेल्या योजना हटकून विझतात. मावळातील पठारांवर जी विखुरलेली धनगरवाड्यांची घरे आहेत, त्यांच्याकरिता हा कित्ता बिलाच्या हिशेबाहून महत्त्वाचा आहे.

ज्यांच्या दारात महावितरणची तार आलेली आहे, त्यांच्यासाठी मार्ग सरळ आहे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’त एक कोटी घरांचे उद्दिष्ट असून पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे कमाल ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. त्यासाठी सेलसुद्धा देशातच घडलेले आणि पॅनेल सरकारच्या मान्य यादीतील असावे लागते. साहजिकच घरगुती कारागिरास या दरबारी प्रवेश नाही. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढता रोज चारेक युनिटे निघतात. दिवसा घरात न वापरली गेलेली वीज नेट मीटरवाटे तारेत जाते व तेवढी युनिटे खात्यावर जमा होतात.

या जमेची एक खुबी मावळकरांनी ध्यानात ठेवावी. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे शिल्लक युनिटे महिन्यामागून महिना पुढे ओढली जातात आणि त्यांचा निकाल आर्थिक वर्षाच्या अखेरीस लागतो. आता वर्ष उघडते १ एप्रिलला, आणि लोणावळ्यातील सर्वांत प्रखर ऊन पडते एप्रिल-मे मध्ये. म्हणजे त्या दोन महिन्यांत साठलेली युनिटे आषाढ-श्रावणातील अंधारास पुरवावी, आणि आश्विनापासून पुन्हा रोजचे रोज भागवावे, असा क्रम सरकारी पंचांगाने आपण होऊनच जुळवून ठेवला आहे. सदर तजवीज करणाऱ्यांच्या मनात घाटमाथ्याचा पाऊस असेल असे वाटत नाही, पण सोय झाली हे खरे. पावसाचा फरकही तालुक्याच्या लांबीत मोठा आहे: खंडाळ्याहून कामशेत, वडगाव, तळेगाव असे पूर्वेस उतरत गेले की काही कोसांतच ढगांची गर्दी विरळ होते, आणि तळेगावच्या छपराला लोणावळ्याच्या छपराहून अधिक ऊन मिळते. मात्र एक गैरसमज दूर करावयास हवा. नेट मीटरवर चालणारा इन्व्हर्टर, बाहेरची वीज गेली की, वर सांगितलेल्या वायरमनच्या जिवासाठीच, स्वतः बंद पडतो. पावसाळ्यात झाड कोसळून तार तुटली तर गच्चीवर तीन किलोवॅटांची पॅनेले असूनही घरात अंधारच राहावयाचा. तेव्हा एखादी लहान बॅटरी आणि बारा व्होल्टचे दोन दिवे स्वतंत्र ठेवावेत. घरगुती कारागिरीस येथे हक्काची जागा आहे.

मांडणीच्या चार गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. लोणावळा पावणेएकोणीस अक्षांशाच्या जवळ असल्याने पॅनेले दक्षिणाभिमुख करून तेवढाच, म्हणजे अठरा-एकोणीस अंशांचा, कल द्यावा. मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येऊन सूर्य माथ्यावरून उत्तरेस जातो, त्या काळात थोडे नुकसान होते, ते सोसावे. घाटाच्या कड्यावरून येणारा वारा पॅनेलाच्या पोटात शिरून त्यास उचलू पाहतो, म्हणून चौकट गंजरोधक आणि काँक्रीटमध्ये रोवलेली हवी. जुन्या मंगलोरी कौलांच्या छपरावर वासे तपासल्यावाचून भार टाकू नये. जांभूळ-आंब्याची सावली सकाळी व तिसऱ्या प्रहरी कोठवर येते हे मार्गशीर्षात, सावल्या लांब असताना, पाहून ठेवावे. पावसाळा संपताच शेवाळाचा पातळ थर मऊ फडक्याने पुसावा. खंडाळ्या-लोणावळ्याच्या माकडांचा बंदोबस्त कोणत्याही कारखानदाराच्या हमीपत्रात लिहिलेला नसतो. कडक केलेली काच त्यांच्या उड्या बहुधा सोसते, परंतु लोंबत्या तारा सोसत नाहीत, तेव्हा त्या नळीतूनच न्याव्यात.

आणि कंत्राटदाराच्या आधी स्वतःचे दप्तर पाहावे. मावळातील कित्येक गावठाणांत घर नातवाचे, ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नाव चुलत्याचे, आणि विजेचे बिल मात्र वीस वर्षांपूर्वी निवर्तलेल्या आजोबांच्या नावे अद्याप नियमित येत असते. अर्जदार, वीजग्राहक आणि अनुदान जमा व्हावयाचे बँकखाते यांची नावे जुळली नाहीत तर अर्ज अडतो. म्हणून वारसांची संमती घेऊन बिलावरील नाव बदलण्याचा अर्ज आज द्यावा आणि पॅनेलांची दरपत्रके नंतर मागवावी. छपरावर चौकट उभारावयास दोन-तीन दिवस पुरतात, भाऊबंदांच्या सह्या जमवावयास किती लागतील हे ज्याचे त्याला ठाऊक.